नागपूरचा पेट्रोल-कर आणि सर मॉरिस ग्वायर

आपल्या पेढीच्या बिलावर आज जीएसटीची ओळ असते. तिच्या आधी व्हॅटची आणि त्याही आधी विक्रीकराची होती. विक्रीवर कर बसविण्याचा प्रांतांचा अधिकार फेडरल कोर्टात प्रथम पारखला गेला, तो नागपूरच्याच एका कायद्यावरून. पारखणाऱ्यांचे प्रमुख होते सर मॉरिस ग्वायर हे इंग्रज न्यायाधीश.

१८७८ साली जन्मलेले ग्वायर लंडनमध्ये सरकारचे प्रमुख विधेयक-मसुदाकार होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले व ते त्याचे पहिले सरन्यायाधीश झाले. ज्या कायद्याची शब्दरचना केली, त्याचाच अर्थ आता त्यांना न्यायासनावरून लावायचा होता.

नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. १९३८ मध्ये तेथील विधिमंडळाने पेट्रोल व वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसविला. उत्पादन शुल्क हा केवळ आपला अधिकार असून हा कर म्हणजे त्याचेच दुसरे रूप आहे, असा आक्षेप केंद्र सरकारने घेतला. तो मान्य झाला असता, तर लोकनियुक्त प्रांतिक सरकारांचा विक्रीकराचा अधिकार बव्हंशी कागदावरच उरला असता.

ग्वायर यांच्यासमवेत सर शाह सुलेमान व बॅ. मुकुंदराव जयकर होते. डिसेंबर १९३८ मध्ये तिघांनी स्वतंत्र मते दिली. निष्कर्ष मात्र एकच निघाला, तो म्हणजे प्रांताचा कायदा वैध आहे. माल निर्माण होण्यावरचा कर वेगळा आणि दुकानातील विक्रीवरचा वेगळा. दोन्ही अधिकार एकत्र वाचून दोहोंनाही अर्थ उरला पाहिजे, अशी ग्वायर यांची भूमिका होती. व्यापाऱ्यावर बोजा आला हे खरे. परंतु कोणता कर कोणी घ्यावा, याची मर्यादा त्यामुळे स्पष्ट झाली.

एप्रिल १९४३ मध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, केशव तळपदे यांच्या खटल्यात त्यांच्या न्यायालयाने विनाचौकशी स्थानबद्धतेचा सरकारी नियमच अवैध ठरविला. भर युद्धकाळात असा निर्णय देणे सोपे नव्हते. पुढे १९५० पर्यंत त्यांनी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९५२ मध्ये ते निवर्तले.

२०१७ साली जीएसटी आला, तरी पेट्रोल त्याच्या बाहेरच राहिले. त्यावर केंद्र आजही उत्पादन शुल्क घेते आणि राज्य विक्रीवरचा कर. नागपूरच्या पंपावर पेट्रोल भरताना आपण हे दोन्ही कर मोजतो.