कामोरच्या भामट्यांसोबत

2006 साली स्कॉट लिंच या अमेरिकी लेखकाची ‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’ ही पहिली कादंबरी आली. तोवर फँटसी म्हणजे राजघराणी, तलवारी आणि महायुद्धं, अशी माझी समजूत होती. इथे मात्र व्हेनिससारखं कालव्यांचं एक शहर होतं, कामोर, आणि नायक होता भामटा.

कामोरमध्ये चोरांचा म्होरक्या आणि राज्यकर्ते यांच्यात गुप्त तह झालेला आहे: चोरांनी उमरावांच्या वाटेला जायचं नाही. आंधळ्या पुजाऱ्याचं सोंग घेतलेले फादर चेन्स अनाथ पोरं पदरी घेतात आणि त्यांना नेमकं उमरावांनाच लुबाडायला तयार करतात. त्यातलाच लॉक मोठेपणी दारूचा व्यापारी बनून डॉन साल्वारा या उमरावाकडून भांडवल उकळतो. मग रात्री ड्यूकचा गुप्त पोलीस बनून त्याच्याच घरी जातो आणि बजावतो की तो व्यापारी ठक आहे, पण त्याला पुराव्यानिशी पकडायचं तर पैसे देत राहावं लागेल. एका थापेची राखण दुसरी थाप करते. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

डाव ऐन रंगात आला की लिंच या पोरांच्या लहानपणाकडे वळतो. पहिल्या वाचनात याची चिडचिड व्हायची. दुसऱ्यांदा वाचताना उमगलं, की पुढे ही टोळी उद्ध्वस्त होते तेव्हा काळीज हलतं, ते याच प्रकरणांमुळे.

2007 मध्ये ‘रेड सीज अंडर रेड स्काइज’ आली. जुगाराचा मनोरा आणि चाचेगिरी घेऊन. तिसऱ्या ‘द रिपब्लिक ऑफ थीव्ह्ज’ला 2013 उजाडलं. पहिल्या दोन पुस्तकांत जिचं फक्त नाव ऐकलं, ती सबेथा तिथे समोर आली आणि लॉकला तोडीस तोड निघाली. मधल्या वर्षांत नैराश्याशी झुंजत असल्याचं लिंचने स्वतःच सांगितलं होतं. ते कळल्यावर पुढच्या भागासाठीची माझी घाई संपली. सात भागांची ही मालिका पुरी होवो वा न होवो, तक्रार नाही.

या पुस्तकांत जगाशी सगळे खोटं बोलतात. लॉक आणि टोळीतला त्याचा सोबती जीन टॅनन यांची मैत्री मात्र कधीच खोटी पडत नाही. म्हणूनच एवढी पानं वाचूनही फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. पहिली कादंबरी स्वतंत्रपणेही पूर्ण आहे. सुरुवात तिथूनच करा.