सुरमई नेमकी कोणती?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ‘सुरमई’ म्हणून मिळणारा मासा दर वेळी एकाच जातीचा नसतो. अंगावर उभे, नागमोडी पट्टे असतील तर ती स्कॉम्बरोमोरस कॉमरसन. ठिपक्यांच्या ओळी असतील तर स्कॉम्बरोमोरस गटॅटस.

हा फरक घरबसल्या पडताळायला ‘फिशबेस’ ही मोफत साइट फारच कामाची! शास्त्रीय नाव टाकलं की फोटो, लांबी, खाद्य, आढळाचा नकाशा, देशोदेशीची स्थानिक नावं असं सगळं समोर येतं. मासेमारीबद्दल वाचायचं तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे अहवाल ऑनलाइन खुले आहेत.

शिवाय रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मुलांना तिथे जरूर न्या.

पुढची सुरमई कापून घेण्याआधी तिचा एका बाजूने, पूर्ण फोटो काढा आणि ताडून पाहा.