बी.एस्सी. झालं, पण नोंद ठेवता येते का?

आजचा प्रश्न असा, की बी.एस्सी. झालेली मुलं कामाला कितपत तयार असतात?

सैन्यात असताना रेशन तपासणाऱ्या प्रयोगशाळांशी माझा बरीच वर्षं संबंध आला. निवृत्तीनंतर औषध कारखान्यांसाठी मुलाखती घेतो. वापी असो, बद्दी असो की हैदराबाद, अनुभव सारखाच. मुलांना विषय येतो, नोंद ठेवता येत नाही.

कॉलेजातलं टायट्रेशन आठवा. उत्तर किती यायला हवं, हे सीनियरच्या जर्नलवरून आधीच ठाऊक असतं. मग १०.२, १०.२, १०.२ अशी तीन रीडिंग लिहायची की सरांची सही मिळते.

कारखान्यात नमुन्याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं. ते शोधण्याचाच तर पगार! तिथे रीडिंग जसं दिसलं तसं, त्याच वेळी, शाईने लिहायचं. चुकलं तर व्हाइटनर चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण, सही आणि तारीख. त्या कागदाच्या भरवशावर गोळ्यांची अख्खी बॅच बाजारात जाते आणि आपल्याच घरातलं कोणीतरी ती गोळी घेतं. सैन्यातही तेच. डाळीच्या नमुन्याला ‘पास’ लिहिलं की ती डाळ बर्फातल्या चौकीवर पोहोचते. तिथे बदलून मागायला दुकान नसतं.

यात मुलांचा दोष कमी. मार्क उत्तराला मिळतात, नोंदीला नाही. मग करायचं काय?

एक, प्राध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा नमुना द्यावा. नक्कल आपोआप थांबेल.

दोन, विद्यार्थ्यांनो, कच्ची वही जपून ठेवा. फसलेला प्रयोगही त्यात लिहा. उपकरणाला हात लावण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारा. मुलाखतीत मी हेच विचारतो.

तीन, अप्रेंटिसशिप करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही दार उघडलं. यूजीसीने २०२० मध्ये पदवीतच अप्रेंटिसशिप जोडायची मुभा दिली. तुमच्या कॉलेजात ती सोय आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. स्टायपेंड कमी वाटेल, पण खऱ्या नमुन्यावर, खऱ्या जबाबदारीने सही करायची सवय तिथेच लागते.

ज्ञान कॉलेजने दिलंय. आता पुढचं रीडिंग खरं लिहा. जय हिंद.