वरून रंग, खालून गंज

पावसाळा ओसरू लागला, चतुर्थीची माटोळी उतरली, की गोमंतकातील गॅरेजांतून एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. तीस-चाळीस वर्षांच्या वृद्ध जीपगाड्या ओळीने उभ्या असतात. कोणाला नवा रंग, कोणाला नवे हूड, कोणाला रुंद टायर, तर कोणाच्या कपाळावर दिव्यांची अख्खी रांग. हंगाम तोंडावर आलेला असल्याने मालकाचा हातही सढळ झालेला असतो. या सर्व शृंगारात चासीला चिकटून गेलेल्या, पेन्सिलीपेक्षाही बारीक अशा एका पोलादी नळीची आठवण मात्र क्वचितच कोणास होते. ही नळी म्हणजे ब्रेकचा पाईप. अग्रलेखाच्या जागी आज हा विषय पाहून काही वाचकांस नवल वाटेल. पण ज्या गाडीत आपण मुलाबाळांसह बसतो, तिचे थांबणे या नळीवर अवलंबून असते.

जीप ही गोमंतकात नुसती हौसेची वस्तू कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप, आणि पुढे तिच्याच घडणीवर महिंद्रने आपल्याकडे तयार केलेल्या गाड्या, ही वंशावळ सर्वांस ठाऊक आहे. आमच्या डिचोली-सांगे भागांतील खाणींवर या गाड्या राबल्या. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. कोणी कुळागरात नारळ-सुपारी वाहू लागली, कोणी बंदरावर मासळी. कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांनाही जीपमधूनच अरण्यातील ओहोळ पार करावे लागतात. जुन्या जीपचे इंजिन बदलते, गिअरबॉक्स बदलतो, बॉडी तर दोनदा बदललेली असते. ब्रेकचे पाईप मात्र पुष्कळदा कारखान्यातून आले तेच.

या पाईपाची भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची. चालकाने पेडलवर जोराने पाय दाबला, की आतील तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलोंपर्यंत, प्रसंगी त्याहूनही वर जातो. नवे पोलाद हा भार हसत सोसते. पण आमची हवा खारट, माती लाल व चिकट, आणि पाऊस चार महिने न थकणारा. चिखल मागच्या अॅक्सलवर थापला जातो आणि ओल धरून बसतो. पाईप ज्या क्लिपांनी चासीला धरलेला असतो, त्या क्लिपांखाली तर पाणी सुकतच नाही. गंज नेमका तिथेच, डोळ्यांआड, पोखरत राहतो. मासळीच्या गाड्यांची अवस्था याहून वाईट. बर्फाचे खारे पाणी फळ्यांतून थेट खाली ठिबकते, आणि वर्षानुवर्षे ठिबकतच राहते.

गंज आतूनही येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपण ज्यास ब्रेक ऑईल म्हणतो ते खरे पाहता तेल नव्हेच. ते ग्लायकोल जातीचे द्रव्य, आणि हवेतील पाणी शोषून घेणे हा त्याचा स्वभाव. डॉट ३ जातीचे कोरडे ऑईल २०५ अंशांवर उकळते; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले, की हा आकडा १४० वर येतो. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑईलमध्ये वाफ धरते, आणि वाफ तर दाबली जाते! पेडल स्पंजासारखे होते. ते पाणी दरम्यान पाईप आतून खातच असते. म्हणून ऑईल दोन वर्षांनी बदलावे, असे जाणकार सांगतात. आमच्याकडे ते कमी झाले तर भरतात, बदलणारे विरळा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्नेह्यांच्या जीपमधून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावहून परतत होतो. एका वळणावर पेडल किंचित नरम लागले; पुढच्या वळणावर ते थेट तळाला गेले. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो, चारही चाकांचे ऑईल एकाच वाटेने जाते. त्यामुळे एके ठिकाणी छिद्र पडले की चारही चाके एकदम अनाथ होतात. सुदैवाने या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो आणि ऑईलशी त्याचा संबंध नसतो. स्नेह्यांनी गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीची बाजू पलीकडे होती, एवढेच. नंतर पाहता, मागच्या अॅक्सलवरील क्लिपेखाली सुईच्या अग्राएवढे भोक आढळले. याच पाईपाचा शेजारचा तुकडा दोनच महिन्यांपूर्वी बदलला होता! मेस्त्र्याचा दोष इतकाच, की गळत होता तेवढाच तुकडा त्याने बदलला. आणि स्नेह्यांचा दोष असा, की त्यांनी तेवढेच सांगितले होते.

आमच्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. एकाच दिवशी बसविलेल्या, एकच चिखल खाल्लेल्या पाईपांपैकी एक फुटला, तर उरलेले निर्दोष कसे? उलट गळती बंद होताच संपूर्ण दाब पुन्हा त्या जीर्ण नळ्यांवर येतो. तेव्हा बदलायचे तर सर्व पाईप, त्यांच्यासोबत चाकांकडे जाणारे रबरी होज, आणि ऑईलही. होज बाहेरून धड दिसला तरी आतून सुजतो. मग ऑईल जाते पण परत येत नाही, आणि चाक ब्रेक धरून बसते. चार चाकांच्या या कामाचा खर्च एका चांगल्या टायरजोडीच्या पासंगालाही पुरत नाही.

काम कसे होते, हेही महत्त्वाचे. काही ठिकाणी गळणाऱ्या चाकाचा पाईप हातोड्याने ठेचून बंद करतात व तीन चाकांवर गाडी सोडतात. हा तर उघड अपराध आहे. काही ठिकाणी फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी बसवितात. ती वाकवायला सोपी आणि गंजतही नाही, हे खरे. परंतु नुसते तांबे सततच्या हादऱ्यांनी कडक होते आणि तडकते. गंज टाळायचाच असेल तर सुमारे दहा टक्के निकेल असलेल्या तांब्याच्या मिश्रधातूची नळी मिळते. स्वीडनच्या व्होल्व्हो गाड्यांत ती सत्तरच्या दशकापासून वापरात आहे. नळीचे तोंड दुहेरी दुमडून फ्लेअर करावे लागते. एकेरी फ्लेअर या दाबाला चिरतो. शिवाय जुन्या जीपचे नट इंची मापाचे; मेट्रिक जातीचा फ्लेअर त्यात जबरदस्तीने आवळला, तर आज सुका दिसतो आणि उद्या गळतो. हवा काढताना सर्वांत लांबचे चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे. मागच्या वर्षी उघडून ठेवलेली ऑईलची बाटली यासाठी वापरू नये. ती बाटलीतच पाणी पिऊन बसलेली असते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणीअंती वाढते. आठ वर्षांवरील व्यावसायिक गाडीला तर दरवर्षी योग्यतेचा दाखला लागतो. कायदा आहे. प्रश्न एवढाच, की तपासणारा गाडीखाली उतरतो की नाही. दिवे, हॉर्न, नंबरपट्टी उभ्याने पाहता येतात. क्लिपेखालचा गंज उभ्याने दिसत नाही. जुन्या जीपसाठी तपासणीचा खड्डा, हातात विजेरी आणि क्लिप सैल करून पाहण्याची सक्ती असावी, अशी आमची मागणी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांकडून दुहेरी फ्लेअर डोळे मिटून जमेपर्यंत करवून घ्यावा, ही दुसरी. जीप हेच ज्यांचे पोट आहे, त्यांच्यावर आम्ही नवा जाच लादू पाहतो असे कोणी म्हणेल. पण हंगामात प्रवासी मागे बसतात तेव्हा पुढे चालक म्हणून बसलेला बहुधा मालकाचा स्वतःचा मुलगा किंवा पुतण्या असतो.

दूधसागरचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरात उघडतो. तोवर निदान एक परीक्षा प्रत्येक मालकाने घरच्या अंगणात करावी. एकाने इंजिन बंद ठेवून पेडल सर्व बळाने मिनिटभर दाबून धरावे. दुसऱ्याने, चाकांना दगड लावून, विजेरी घेऊन गाडीखाली जावे. पेडल हळूहळू खाली उतरू लागले, किंवा कुठे ओलसर ठिपका दिसला, तर त्या दिवशी जीप अंगणातच उभी राहू द्यावी व मेस्त्र्याला घरी बोलवावे.