पेशींची याददाश्त

गोवर एकदा निघाला की पुन्हा निघत नाही, मग लस कशाला? लोणावळ्यात, मावळातल्या वाड्यांवर आशाताई निरोप घेऊन येते तेव्हा आपल्या घरांतल्या एखाद्या दादीचं किंवा खालाचं हे उत्तर ठरलेलं असतं.

त्यातला पहिला भाग खराच आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, ती पुन्हा थेट १८४६ मध्ये. डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी तिथे जाऊन चौकशी केली. पहिल्या साथीत गोवर सोसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही ६५ वर्षांनी तो पुन्हा झाला नव्हता.

ही आठवण मेंदूत नसते, पांढऱ्या पेशींत असते. जंतूशी पहिली गाठ पडली की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी भराभर वाढतात. काम झाल्यावर बहुतेक मरतात, थोड्या मागे राहतात. काही तर हाडांच्या मगजात बसून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात. म्हणून तोच जंतू दुसऱ्यांदा आला, की आठवड्याभराचं काम काही दिवसांत उरकतं. (हृदय बदललं की दात्याच्या आवडीनिवडीही येतात, या गोष्टींना मात्र पक्का पुरावा नाही.)

दादीचा हिशेब पुढे चुकतो. गोवराचा विषाणू नेमक्या या आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे गोवर स्वतःची ओळख ठेवून जातो आणि बाकीची पाटी पुसतो. मूल गोवरातून उठतं, पण जुन्याच आजारांपुढे पुन्हा उघडं पडतं. लसीतला अशक्त केलेला विषाणू ओळख तेवढी करून देतो, पाटी पुसत नाही.

२०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवरानं मुलं आजारी पडली, काही दगावली. या आपल्याच वस्त्या. भीती नवी नाही. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीला लोक बिचकत होते, तेव्हा तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः सुई टोचून घेतली होती.

पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत. दुसरा राहिला असेल तर लसीचं कार्ड घेऊन आशाताईला विचारा; पाच वर्षांपर्यंत तो देता येतो.