सांध्यावरची कलमे (आरोग्यसेवेचे करारनामे : लेखांक ४)

आरोग्यसेवेच्या करारनाम्यात दोन जातीची कलमे असतात. खाटा किती, डॉक्टर कोणते, दर काय, ही झाली सेवा देणाऱ्याच्या स्वतःच्या कामाची कलमे. रुग्ण त्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हा कोणी काय करायचे, हे सांगणारी कलमे वेगळी. त्यांना समन्वयाची कलमे म्हणतात. करारात ती बहुधा शेवटी आणि थोडक्यात येतात, पण रुग्णाचे हाल होतात ते याच सांध्यावर.

शहापूर तालुक्यातील उंबरमाळी हे खर्डी आणि कसारा यांच्या मधले रेल्वे स्थानक. या पट्ट्यातील गरोदर बाईची नोंद आशाताई करतात आणि तिचा आहार अंगणवाडी पाहते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, तर खर्डीचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. १०८ची रुग्णवाहिका कंत्राटदार चालवतो. पुढे मोठी शस्त्रक्रिया लागली तर रुग्णालय खासगी असू शकते. बाई एकच, पण तिच्या वाटेवर एवढे धनी, आणि त्यांतला एक दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. सरकारी कार्यालयांना शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने जोडता येते. खासगी रुग्णालय आणि कंत्राटदार यांना बांधण्याचे सरकारच्या हातातले मुख्य साधन म्हणजे करार.

राज्यात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या. उंबरमाळीहून लावलेला फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. अशा सेवेच्या करारात गाडी किती मिनिटांत पोहोचली हे मोजणे सोपे असते. गाडी निघाल्याचा निरोप शहापूरच्या रुग्णालयाला वेळेत मिळाला का, रुग्ण कोणी कोणत्या अवस्थेत ताब्यात घेतला, हे मोजायला दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्या लागतात. त्या जुळवण्याचे बंधन दोघांवरही लेखी हवे.

समन्वयाचे कलम कसे असावे, याचा चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. योजनेच्या पॅकेजमध्ये उपचारांबरोबर रुग्णाचे जेवण आणि रुग्णालयातून घरी जाण्याचे एकवेळचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले आहे. घरी सोडल्यापासून दहा दिवसांपर्यंत तपासणी, चाचण्या आणि औषधे मोफत द्यायची असतात. रुग्णालयाने उपचारांच्या पैशांसाठी योजनेकडे दावा पाठवताना डॉक्टरांच्या सहीचे डिस्चार्ज कार्ड, रुग्णाचे समाधानपत्र आणि प्रवासभाडे मिळाल्याची पोच सोबत जोडायची असते. या तरतुदीचे बळ त्या पोचपावतीत आहे. ‘रुग्णालय सहकार्य करील’ असे नुसते लिहिले असते, तर भाड्याकडे कोणी पाहिलेही नसते. पैसे अडतात म्हटल्यावर कागद तयार होतो.

तरीही सांधा पुरता जुळत नाही. भाडे घरी परतण्यापुरते, तेही एकदाच. मुरबाडच्या मोरोशी-टोकावडे भागातील मजुराने दहा दिवसांच्या आत टाके दाखवायला पुन्हा कल्याण-ठाणे गाठायचे, तर तपासणी फुकट असली तरी एसटीचे पैसे आणि बुडालेला रोज त्याच्या पदरचा. आणि डिस्चार्ज कार्ड दाव्यासोबत योजनेकडे जाते, तसे ते रुग्णाच्या गावच्या आरोग्य केंद्राकडेही गेले पाहिजे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या प्रमाणित करारात, दाखल रुग्णाला घरी सोडल्यापासून २४ तासांत त्याच्या कुटुंब-डॉक्टरला सारांश पाठवण्याचे बंधन आहे. आपल्याकडे कुटुंब-डॉक्टरच्या जागी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि आशाताई आहेत. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या असतात आणि पहिली तिसऱ्या दिवशीच असते. बाळ कमी वजनाचे आहे किंवा आईला रक्त चढवले आहे, हे त्यांना त्याआधी कळायला हवे.

म्हणून अशा कलमात निरोप कोणी, कोणाला, किती वेळात द्यायचा आणि न दिल्यास किती रक्कम रोखली जाईल, या चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. त्यांतली एक जरी सुटली तरी कलम कागदावर राहते.

योजनेतून उपचार घेतलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी निघण्यापूर्वी सही-शिक्क्याचे डिस्चार्ज कार्ड आणि फेरतपासणीची तारीख मागून घ्यावी, अडचण आल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठावे आणि गावी पोहोचल्यावर ते कार्ड आशाताईंना दाखवावे. भाड्याची रक्कम हातात पडल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये.