अॅट्रोपीन नेमके काय करते?

औषध शरीरात काय करते, हे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कसे शिकवतात? रुडॉल्फ माग्नुस यांनी १९०४ साली मांडलेली एक पद्धत आपण पाहू. प्राण्याच्या आतड्याचा छोटा तुकडा ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या क्षारद्रावणात टांगतात व त्यात ऑक्सिजन सोडतात. अॅसिटिलकोलीन घातले की तुकडा आकुंचन पावतो. मात्रा वाढवली की आकुंचनही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच.

आधी अॅट्रोपीन घातले तर मात्र तीच मात्रा अपुरी पडते. अॅट्रोपीन स्वतः आकुंचन घडवत नाही. ते अॅसिटिलकोलीनची जागा अडवते. अॅसिटिलकोलीन पुरेसे वाढवले की आकुंचन पुन्हा होते. म्हणजे ही जागेसाठीची स्पर्धा आहे.

ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या शरीरात अॅसिटिलकोलीनचे विघटन थांबते व ते साठत जाते. श्वासमार्गात स्राव भरतो, जीव गुदमरतो. म्हणून डॉक्टर अॅट्रोपीन देतात आणि छाती मोकळी होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. एकच ठरावीक मात्रा सर्वांना का पुरत नाही, याचे उत्तर त्या स्पर्धेत आहे.

आज भारतात अनेक ठिकाणी हा प्रयोग संगणकावर होतो, प्राणी वाचतात. मात्रा आणि परिणामाचा आलेख मात्र विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने काढावा, असे आम्हाला वाटते.